इलाबेनची आठवण काढताना

दुपारची भांडी आवरून बसलेल्या, कापूस वेचताना ओटीत मोबाइल ठेवून ऐकणाऱ्या, सगळ्या मावश्यांना, काकूंना, वहिनींना आमच्या बचत गटांकडून रामराम. आणि आपण ऐकतच नाही असं दाखवत ओट्यावर बसलेल्या भाऊ मंडळींनाही.

आज एका बाईंची आठवण काढायची आहे. त्या आपल्या गावच्या नाहीत, आपल्या भाषेच्याही नाहीत. त्या होत्या अहमदाबादच्या इला भट. सगळा गुजरात त्यांना इलाबेन म्हणायचा, आम्हीही तसंच म्हणणार. २ नोव्हेंबर २०२२ ला त्या गेल्या, तेव्हा त्यांचं वय ८९ होतं. त्यांची आमची कधी भेट झाली नाही. पण आमच्या गटांच्या बैठकीत गेले दोन महिने जे भांडण चाललं आहे, त्यात त्यांचं नाव सारखं निघतं. म्हणून ठरवलं, एकदा रेडिओवर बसून नीट सांगू. भांडणही सांगू, लपवायचं काय त्यात.

इलाबेन मूळच्या घरच्या चांगल्या. ७ सप्टेंबर १९३३ चा जन्म. वडील वकील, आई वनलीला महिला परिषदेच्या कामात. तीन बहिणींतल्या या मधल्या. शाळा, कॉलेज सुरतेला झालं. स्वभावाने लाजाळू, अभ्यासात गुंग असणारी मुलगी. कॉलेजात रमेश भट नावाचा विद्यार्थी पुढारी होता, बोलायला धीट. १९५१ ची जनगणना आली, स्वतंत्र भारताची पहिली. झोपडपट्टीतल्या कुटुंबांची माहिती गोळा करायला तो निघाला आणि इलाबेनना म्हणाला, तुम्हीपण चला. वकिलाच्या घरातली मुलगी पहिल्यांदा त्या वस्तीत गेली. लोक कसे राहतात, काय खातात, हे तिने घरात शिरून पाहिलं. पुढे या दोघांचं लग्न झालं, १९५६ साली. मुलगा गरीब घरचा, म्हणून आईवडिलांना ते आधी पसंत नव्हतं. इलाबेन मात्र ठाम राहिल्या.

बी.ए. झालं, अहमदाबादला वकिलीची परीक्षा झाली, हिंदू कायद्यात सुवर्णपदक मिळालं. थोडे दिवस मुंबईला आपल्या एसएनडीटीमध्ये इंग्रजी शिकवलं. म्हणजे महाराष्ट्राचं थोडं पाणी त्याही प्यायल्या होत्या. मग १९५५ मध्ये अहमदाबादच्या मजूर महाजन संघात, म्हणजे गिरणी कामगारांच्या युनियनमध्ये, कायद्याचं काम बघायला लागल्या. ही युनियन गांधीजींच्या वेळची. तिच्या उभारणीत अनसूयाबेन साराभाई ही बाईच पुढे होती. तरीही इलाबेन गेल्या तेव्हा तिथे सगळा पुरुषांचा कारभार. युनियन पुरुषांची आणि महिला शाखेत कामगारांच्या बायकांना शिवणकाम, भरतकाम शिकवायचं, असा तो सगळा थाट. १९६८ मध्ये ही महिला शाखा इलाबेनकडे आली.

तेव्हा अहमदाबादच्या गिरण्या बंद पडायला लागल्या होत्या. युनियनचे पुरुष गेटवर घोषणा देत होते आणि घरात चूल पेटत होती ती बायकांच्या कमाईवर. कुणी भाजी विकत होती, कुणी विडी वळत होती, कुणी कापडबाजारात डोक्यावर गठ्ठे वाहत होती. पण कामगार कोण, तर ज्याचं नाव गिरणीच्या हजेरीपटावर आहे तो. बाईचं नाव कुठेच नव्हतं.

इथे जरा थांबतो, कारण हे वाक्य आम्ही बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा मागच्या रांगेतून एक जण बोलली, "म्हणजे आमच्यासारखंच की." ती बाई कोयत्यावर जाते. आपल्या डोंगरपट्ट्यातल्या लोकांना फोड करून सांगायला नको, पण बाहेरगावचं कुणी ऐकत असेल तर सांगतो. आमच्याकडून दरवर्षी साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊस तोडायला टोळ्या जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवऱ्याचं नाव. पैसे त्याच्या हातात, हिशोब त्याच्या नावाने. ऊस तोडायचा दोघांनी, मोळी बांधून डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढवायची बहुतेक वेळा तिने, पहाटे उठून भाकरी थापायची ती तिनेच. आणि कागदावर ती अर्धीसुद्धा नाही.

असो. इलाबेनकडे जाऊ.

१९७१ साली कापडबाजारातल्या हमाल बायका त्यांच्याकडे आल्या. बाहेरगावाहून पोटासाठी आलेल्या, रस्त्यावर राहणाऱ्या. आम्हाला राहायला जागा मिळवून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. इलाबेन त्यांच्याबरोबर बाजारात गेल्या, मजुरी कशी मोजतात ते पाहिलं. किती गठ्ठे वाहिले याची नोंदच नाही, व्यापारी देईल ते घ्यायचं. इलाबेननी वर्तमानपत्रात लेख लिहिला. व्यापारी चिडले. त्यांनी उलट छापून आणलं की आम्ही बायकांना चांगली मजुरी देतो, हे सगळं खोटं आहे.

यावर इलाबेननी काय केलं असेल? भांडायला गेल्या नाहीत. व्यापाऱ्यांनी जे छापलं होतं, की आम्ही एवढी मजुरी देतो, तेच कार्डावर छापून घेतलं आणि ती कार्डं हमाल बायकांना वाटली. आता बाई गठ्ठा उतरवायची आणि कार्ड पुढे करायची. शेठ, तुम्हीच सांगितलंय ना, मग द्या की तेवढे. आम्हाला ही गोष्ट फार आवडते. आमच्या एका गटाच्या अध्यक्षीण बाई तर म्हणतात, बँकेच्या भिंतीवर शाखाधिकारी साहेबांनी बचत गटांसाठी जे लिहून लावलंय त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी तोच दाखवू.

ही बातमी बाजारात पसरली आणि जुन्या कपड्यांचा धंदा करणाऱ्या बायका आल्या. आपल्याकडे शहरात भांड्यावर जुने कपडे घेणाऱ्या बोहारणी येतात ना, तशा. त्यांची सभा झाली आणि तिथे एक बाई म्हणाली की आपली एक संघटनाच का काढू नये. तशी ‘सेवा’ उभी राहिली, स्वतःच्या हिमतीवर पोट भरणाऱ्या बायकांची संघटना. नाव सेवा असलं तरी ही धर्मादाय सेवा नव्हे, ही युनियन. पण नोंदणीला गेल्यावर कामगार खातं म्हणालं, तुमचा मालक कोण? मालकच नाही तर युनियन कुणाविरुद्ध? इलाबेनचं उत्तर असं होतं की युनियन कुणाच्या विरुद्ध काढायची नसते, एकमेकींच्या बाजूने उभं राहायला काढायची असते. महिनोन्‌महिने हे चाललं. शेवटी एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली.

आता येतो आपल्या मुद्द्यावर, पैशाच्या.

सेवाने सभासद बायकांना विचारायला सुरुवात केली की तुमची मुख्य अडचण काय. उत्तर जवळजवळ एकच आलं, भांडवल नाही. भाजीवाली सकाळी सावकाराकडून ५० रुपये घ्यायची, घाऊक बाजारातून भाजी उचलायची, दिवसभर विकायची आणि संध्याकाळी ५५ रुपये परत करायची. पाच रुपये म्हणजे काय फार, असं वाटतं. पण मैत्रिणींनो, हिशोब करा. दिवसाला पाच, महिन्याचे पंचवीस दिवस धंदा झाला तर १२५ रुपये व्याज. कशावर? पन्नासवर. आणि महिना संपला तरी ते पन्नास फिटलेलेच नाहीत, उद्या सकाळी पुन्हा दारात उभं राहायचं. आम्ही हा हिशोब गटाच्या फळ्यावर मांडला तेव्हा आमच्या गटातल्या तीन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. फायनान्सवाल्याचा हप्ता भरायला दुसऱ्या फायनान्सवाल्याकडून उचललेलं कर्ज होतं त्यांच्यावर. त्यांनी तो हिशोब कधी असा एका ओळीत मांडून पाहिला नव्हता.

१९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि गरिबांना कर्ज द्या असा आदेश होता. सेवाने बायकांना बँकेत नेलं. बँकेची वेळ अकरा ते तीन, बायकांच्या धंद्याची वेळ तीच. कडेवर पोर, मळकं लुगडं, फॉर्म भरता येत नाही, सही येत नाही. बँकेतले बाबू वैतागायचे. बाईने एका नावाने कर्ज घेतलं आणि फेडायला आली तेव्हा दुसरंच नाव सांगितलं, असंही व्हायचं. एकदा माहेरचं, एकदा सासरचं. आपण हसतो, पण सरकारी कागदावर आपल्या तरी नावाचे किती प्रकार आहेत ते बघा. आधारला एक, रेशनकार्डाला दुसरं, सातबारावर तर नाहीच.

डिसेंबर १९७३ च्या सभेत पुन्हा हाच विषय निघाला. चंदाबेन नावाच्या जुन्या कपड्यांच्या व्यापारी बाईने सरळ विचारलं की आपली स्वतःची बँक का नको. इलाबेन म्हणाल्या, बँकेला पैसा लागतो आणि आपण तर गरीब. त्यावर चंदाबेनचं म्हणणं, गरीब असू, पण आपण किती जणी आहोत ते तर बघा. चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचा भाग घेतला. १९७४ मध्ये ‘श्री महिला सेवा सहकारी बँक’ सुरू झाली. हे सांगायला एक ओळ लागते, पण व्हायला सोपं नव्हतं. सहकार खात्याचा आक्षेप, संचालक होणाऱ्या बायकांना सही येत नाही, बँक कशी चालवणार? मग त्या बायका रात्र जागून इलाबेनसमोर बसल्या आणि स्वतःचं नाव गिरवत राहिल्या. सकाळी जाऊन सगळ्यांनी सह्या केल्या.

हेच पुढे आपल्याकडेही झालं. म्हसवडला चेतना सिन्हा यांनी माणदेशी महिला बँकेसाठी अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो आधी नाकारला, कारण तेच, बायका निरक्षर. त्या बायका अक्षरं शिकल्या आणि परत जाऊन म्हणाल्या, व्याजाचा हिशोब तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांनाही सांगायला लावा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये ती बँक उभी राहिली. आणि त्याच्याही आधी, १९७५ मध्ये, मुंबईच्या गिरणगावात प्रेमाताई पुरव यांनी खानावळ चालवणाऱ्या बायकांची अन्नपूर्णा उभी करून त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली होती. ‘बाई निरक्षर आहे म्हणजे तिला हिशोब येत नाही’ हे वाक्य प्रत्येक वेळी नव्याने खोटं ठरवावं लागलं आहे.

सेवा बँकेच्या दोन गोष्टी आम्हाला फार शिकण्यासारख्या वाटतात. पहिली, पासबुकावर फोटो. सही येत नाही ना, मग बाईच्या हातात तिच्या खात्याचा नंबर लिहिलेली पाटी द्यायची आणि फोटो काढायचा. आज आपण केवायसी म्हणतो ते त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी पाटीवर खडूने केलं. दुसरी, बाई बँकेत येत नसेल तर बँक बाईकडे जाते. सेवाच्या बायका टोपल्यापर्यंत, दारापर्यंत जाऊन बचत घेतात. आणि एक नियम पक्का, आधी बचत, मग कर्ज. घरासाठी कर्ज दिलं तर घर बाईच्या नावावर हवं, नुसत्या पत्र्याच्या खोलीचं असलं तरी. पासबुकही बँकेतच ठेवायची सोय, म्हणजे घरी कुणाच्या हाती लागायला नको. या शेवटच्या ओळीवर आम्ही मघाशी जे लपवायचं नाही म्हणालो, ते सांगायची वेळ येते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका गटात कोयत्यावर जाणारी एक बाई सभासद होती. महिन्याला शंभर रुपये बचत. उन्हाळा-पावसाळा सगळ्या बैठकांना हजर, कधी एक हप्ता चुकवला नाही. दिवाळीनंतर टोळीबरोबर गेली ती कारखान्यावर. आमच्या गटाचा नियम होता, आजही अनेक गटांचा आहे: गैरहजेरीला दहा रुपये दंड आणि सलग तीन बैठकांना गैरहजर राहिली तर सभासदत्व रद्द. नियम आम्हीच केला होता. शिस्त हवी, बँकेला पंचसूत्री दाखवायची असते, ग्रेडिंग असतं. पौषात तिचा नवरा कुणाच्या तरी मयताला गावी आला आणि म्हणाला, बायकोचं नाव तुम्ही कमी केलंय असं कळलं, तर तिची बचत द्या. आम्ही प्रोसिडिंग बुकात ठराव लिहिला, दंड कापला आणि व्याज धरून दोन हजार चारशे आणि वर काही रुपये त्याच्या हातात ठेवले. त्याची सही घेतली. कागद अगदी चोख होता.

चैत्रात ती आली. पदराच्या गाठीला शंभर-शंभरच्या सहा नोटा बांधलेल्या होत्या. प्रत्येक महिन्याची तिने तिकडे वेगळी काढून ठेवली होती, सहा महिन्यांची बचत. तिने ती गाठ आमच्यासमोर सोडली आणि म्हणाली, "लिवा." आमच्यातल्या कुणालाच बोलता येईना. सचिव बाईंनी वही उघडली आणि तिच्या नावावर मारलेली रेघ तिला दाखवली.

ती भांडली नाही. पैसे कुठे गेले तेही आम्ही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. गाठ पुन्हा मारली आणि गेली. त्यानंतर तिने कुठल्याच गटाचं नाव काढलं नाही.

तेव्हा आम्हाला वाटलं, नियमाप्रमाणे झालं. आता वाटतं, तिकडे मुकादम तिच्या एका दिवसाचा खाडा कापत होता आणि इकडे आम्हीही तेच करत होतो. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच पान होतं, आमच्या वहीतलं, आणि तेही आम्ही तिच्या नवऱ्याच्या नावावर वळतं केलं.

म्हणून हे भांडण. आमच्या प्रभागातल्या गटांपुढे ठराव आला आहे की कोयत्यावर जाणाऱ्या सभासदांचा गैरहजेरी दंड बंद करावा, त्यांचं नाव हंगामात कमी करू नये, आणि बचत स्वतः सभासदाशिवाय कुणालाही, म्हणजे कुणालाही, देऊ नये. टोळीतलीच एक बाई वही घेऊन जाईल, दर महिन्याला फडावर बचत जमा करील, ज्यांना जमेल त्या मोबाइलवरून गटाच्या खात्यात टाकतील. ऐकायला साधं आहे. पण विरोधही आहे आणि तो काही दुष्टपणाचा नाही. काही जणी म्हणतात, आम्ही वर्षभर उन्हातान्हात बैठकीला यायचं आणि त्यांना सूट? काही म्हणतात, टोळीतल्या बाईकडे जमा झालेले पैसे मुकादमाने मागितले तर ती काय करील? दुसरा प्रश्न खरा आहे. त्याचं पूर्ण उत्तर आमच्याकडे आजही नाही.

इलाबेनच्या सेवाने याच्याशी मिळतीजुळती गोष्ट केली आहे. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणारी अगरिया कुटुंबं असतात. पावसाळा संपला की सगळं बिऱ्हाड घेऊन रणात जायचं, उन्हाळ्यापर्यंत तिथेच. आपल्या टोळ्यांचाच हंगाम. आधी व्यापाऱ्याकडून उचल, त्यातली मोठी रक्कम पंपाच्या डिझेलला. सेवाने त्या बायकांची संघटना केली, डिझेलच्या जागी सौर पंप आणायला कर्जाची वाट काढली. म्हणजे बाई सहा-सात महिने गावात नाही म्हणून तिला संघटनेतून काढलं नाही. संघटना रणात गेली.

आता कुणी म्हणेल, इलाबेन मोठ्या, पुरस्कारवाल्या. आहेतच. १९७७ मध्ये मॅगसेसे, मग पद्मश्री, पद्मभूषण, राज्यसभेवर नेमणूक, जगभरच्या बायकांच्या बँकिंगच्या संस्थेत संस्थापक म्हणून हात. घरी काम करून पोट भरणाऱ्या बायकांसाठी १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने करार केला, त्यामागे सेवाचा रेटा होता. अहमदाबादच्या माणेकचौकातल्या भाजीवाल्यांसाठी दोन टोपल्यांची जागा मागत त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. आज शहरात रस्त्यावर बसून विकणाऱ्या आपल्या बहिणींना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचा आधार आहे, त्याची सुरुवात त्या दोन टोपल्यांपाशी आहे.

पण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं ते १९८१ साल. गुजरातेत राखीव जागांवरून दंगे पेटले. इलाबेन दलितांच्या बाजूने बोलल्या. ज्या मजूर महाजनात त्यांनी उमेदवारी केली, आयुष्याची पंचवीस वर्षं काढली, त्यांनी सेवाला बाहेर काढलं. सेवाच्या सभासदांमध्ये दलित बायका होत्या, मुसलमान बायका होत्या, जुने कपडे विकणाऱ्या होत्या. त्यांच्यातल्या एकीला बाजूला ठेवून बाकीच्यांची संघटना राखायची, हा हिशोब इलाबेनना मान्य नव्हता. आपल्याकडे वस्ती वेगळी म्हणून गट वेगळा, हे किती सहज होतं ते आम्ही रोज बघतो. आमच्या प्रभागातही कोयत्यावर जाणाऱ्या बहुतेक बायका एका वस्तीतल्या आणि गटाच्या पदाधिकारी बहुतेक दुसऱ्या वस्तीतल्या. हे कुणी ठरवून केलं नाही. पण मोडलंही नाही.

घराचं थोडं सांगायचं राहिलं. लोक विचारतात, एवढं सगळं केलं तर संसार कधी केला? केला की. दोन मुलं वाढवली, अमीमयी आणि मिहिर. रमेशभाई बरोबर होते, नुसती परवानगी देणारे नव्हेत, पहिल्यांदा वस्तीत घेऊन जाणारेच ते. शेवटपर्यंत खादी, लहानसं घर. आमच्या एका सभासदाने विचारलं, "नवरा असा मिळाला म्हणून जमलं ना त्यांना?" खरं आहे, त्याने फरक पडतो. आम्ही ते नाकारत नाही. पण चंदाबेनला कसा मिळाला होता कुणाला माहीत, आणि बँक काढायचं तिने सुचवलं.

सेवाच्या सभासद आपल्या कामाला काही प्रश्न विचारतात, अकरा आहेत. बाईचं काम वाढलं का, कमाई वाढली का, तिच्या ताटात काय आलं, तब्येत, मुलांची सोय, घर, तिच्या नावावर काही झालं का, संघटना मजबूत झाली का, नेतृत्व तिच्या हाती आलं का, असे. आम्ही गेल्या महिन्यात हे प्रश्न आमच्या गटांना लावून पाहिले. कमाईला होय म्हणता आलं. मुलांची सोय म्हटल्यावर सगळ्या गप्प झाल्या, कारण कोयत्यावरची पोरं फडावरच असतात. नावावर काही झालं का, याला बारा गटांत मिळून चार हात वर आले.

तर मैत्रिणींनो, टोळ्या निघायला लागल्या आहेत. काही वस्त्यांवर ट्रॅक्टर येऊन उभेही राहिलेत. ठरावाची बैठक येत्या शुक्रवारी संध्याकाळी समाजमंदिरात आहे. ज्या बायका त्याआधीच जाणार असतील त्यांनी गुरुवारी दिवेलागणीपर्यंत यावं, आम्ही तिथे बसलेल्या असू. पासबुक बरोबर आणा. नसेल तर हरवलंय असं सांगा, लाजू नका, नवं लिहून देऊ. मोबाइल नंबर कुणाचा आहे, नवऱ्याचा की तुमचा, ते सांगा. फोटो तिथेच काढू. आणि टोळीत वही कोण सांभाळणार हे तुमचं तुम्ही ठरवून या, आम्ही नाव सुचवणार नाही.

त्या बाईच्या घरी आम्ही दोघी जणी मागच्या आठवड्यात जाऊन आलो. ती दारात कोयत्याला धार लावत होती. बसा म्हणाली, चहा ठेवला. आम्ही चुकलं म्हटलं. ठराव सांगितला, पैसे गटाच्या खात्यातून भरून देऊ असंही सांगितलं, ते आम्ही पदाधिकाऱ्यांनी आपापल्या बचतीतून काढायचं ठरवलं आहे. ती होय म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. एवढंच विचारलं की वहीत रेघ मारलेल्या जागीच नाव लिहिणार की नव्या पानावर. आम्ही म्हटलं, तू सांगशील तिथे. ती म्हणाली, गुरुवारी बघते.

ताई, ऐकत असशील तर, आम्ही नवी वही आणली आहे. पहिलं पान कोरं ठेवलंय.